फटफटी, रिक्षा आणि वाटेवरचा वडा

रविवारीं पहाटे ठाण्याच्या माजिवडे नाक्यावर किंवा कल्याणास दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशीं दहाबारा मोटारसायकली रांगेनें उभ्या असलेल्या पुष्कळांनीं पाहिल्या असतील. आठवडाभर कचेरींत, कारखान्यांत आणि लोकलच्या गर्दींत दिवस काढलेलीं हीं माणसें सुटीच्या दिवशीं मुरबाडमार्गें माळशेज घाटाकडे, किंवा शहापुरावरून कसारा घाटाकडे जावयास निघतात. घरचीं वडील माणसें या हौसेस उनाडपणा म्हणतात. परंतु मुरबाडच्या रस्त्यावर एखाद्या टपरीपाशीं ही मंडळी थांबली आणि प्रत्येकाच्या हातांत गरम वडापाव आला, म्हणजे त्यांचें बोलणें कान देऊन ऐकण्याजोगें असतें. त्यांत तीन विषय हटकून निघतात : पुढच्या वाटेवरील वळणें, शहरांतील रिक्षा आणि समोरच्या कढईंतील वडा. तिसऱ्या विषयांत सर्वांचें एकमत असतें. दुसऱ्यांत तक्रारीवांचून दुसरें कांहीं नसतें. रिक्षा मध्येंच थांबते, न सांगतां वळते, असें मोटारसायकलवाले म्हणतात. रिक्षावाल्यांस विचारावें, तर मोटारसायकली कोठून अंगावर येतात तेंच कळत नाहीं, असें ते सांगतात. दोघांचेंही म्हणणें खोटें नाहीं. दोघांचीं वाहनें निरनिराळ्या नियमांनीं तोल सांभाळतात, आणि एकाचा नियम दुसऱ्यास ठाऊक नसतो. या भांडणाचें अर्धें मूळ येथेंच आहे.

प्रथम दोन चाकांचा विचार केला पाहिजे. मोटारसायकल उभी करून सोडून दिली तर पडते. तीच चालूं लागली म्हणजे पडत नाहीं. याचें कारण फिरत्या चाकाच्या अंगीं असलेला भोवऱ्याचा गुण होय, असें पुष्कळ वर्षें शिकविलें जात असे. त्यांत तथ्य आहे, पण सर्व तथ्य त्यांत नाहीं. नेदरलंड्स व अमेरिका येथील संशोधकांनीं एक विशेष सायकल बनवून तिच्या चाकांना उलट फिरणाऱ्या चाकांची जोड दिली व भोवऱ्याचा गुण नाहींसा केला. तरीही ढकलून दिल्यावर ती स्वारावांचून तोल सांभाळीत पुढें गेली. हा प्रयोग २०११ सालीं प्रसिद्ध झाला. मुख्य गोष्ट अशी आहे कीं, तळहातावर काठी उभी धरणारा मुलगा काठी ज्या बाजूस कलेल त्याच बाजूस हात नेतो. त्याचप्रमाणें दुचाकी ज्या बाजूस कलते त्या बाजूस तिचें पुढचें चाक वळतें, आणि चाकें पुन्हा वजनाच्या खालीं येतात. पडणें आणि सावरणें यांची ही साखळी क्षणोक्षणीं चालूं असते. वेग अगदीं कमी झाला म्हणजे चाक वळवूनही तें वजनाखालीं वेळेवर पोंचत नाहीं. म्हणून सिग्नलपाशीं स्वारास पाय टेकावा लागतो.

वळणावर दुचाकीस आंतल्या बाजूस कलावेंच लागतें. किती कलावें, हें वेग आणि वळणाची त्रिज्या ठरविते. २५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशीं ३६ किलोमीटर वेगानें जाणारी मोटारसायकल सुमारें २२ अंश कलते. त्याच वळणावर वेग ताशीं ५४ किलोमीटर असेल तर तिला सुमारें ४३ अंश कलावें लागतें. वेग दीडपट झाला, तर कल जवळजवळ दुप्पट होतो. इतकें कलण्यास टायर आणि रस्ता यांचें घर्षण पुरें पडलें पाहिजे. ओल्या रस्त्यावर तें पुरें पडत नाहीं आणि चाक बाहेरच्या बाजूस निसटतें.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. डावीकडे वळावयाचें तर आधीं डावीकडे कललें पाहिजे, आणि डावीकडे कलण्यासाठीं चाकें क्षणभर उजवीकडे सरकलीं पाहिजेत. म्हणून वेगांत असलेला स्वार डाव्या हातानें डावें हँडल किंचित् पुढें रेटतो. चाक निमिषमात्र उजवीकडे वळतें, गाडी डावीकडे कलते, आणि मग वळण सुरू होतें. बहुतेक स्वार हें नकळत करतात. पुढें विमानामुळें जगप्रसिद्ध झालेले राइट बंधु आधीं सायकलींचा धंदा करीत. त्यांच्यापैकीं विल्बर यांनीं अनेक सायकलस्वारांस, तुम्ही डावीकडे कसे वळतां, असें विचारलें. पण पहिल्या विचारण्यास पूर्ण बरोबर उत्तर एकानेंही दिलें नाहीं. या उलट्या हालचालीस थोडा वेळ आणि थोडी जागा लागते, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां तीन चाकांकडे वळावयाचें. तिचाकी वाहन म्हणजे मोटारीचें धाकटें भावंड, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तें वडील भावंड आहे. कार्ल बेंझ यांच्या ज्या गाडीस २९ जानेवारी १८८६ या तारखेचें पेटंट आहे, ती तीन चाकांची होती. पुढचीं दोन चाकें एकदम नीट वळविण्याची मनाजोगी तजवीज त्यांस तेव्हां सांपडली नव्हती, म्हणून त्यांनीं पुढें एकच चाक ठेविलें. आपल्याकडील रिक्षेचें घराणें इटलींतलें आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाज्जिओ कारखान्यानें १९४६ सालीं व्हेस्पा स्कूटर काढली आणि १९४८ सालीं तिच्यावरूनच ‘आपे’ ही तीन चाकांची मालगाडी काढली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी आणि आपे म्हणजे मधमाशी. अशा गाडीवर प्रवाशांची बैठक बसवून ती आपल्या रस्त्यांवर रुजविण्याच्या कामीं पुण्याचे नवलमल फिरोदिया यांचें नांव घेतलें जातें. पुढें १९५९ सालीं बजाज ऑटो या कंपनीस दुचाकी व तिचाकी वाहनें येथेंच बनविण्याचा सरकारी परवाना मिळाला. ‘रिक्षा’ हा शब्द मात्र जपानी ‘जिनरिकिशा’ याचा अपभ्रंश आहे. त्याचा अर्थ माणसाच्या बळावर चालणारी गाडी; शब्दांतला माणूस झिजून गेला, बळ आणि गाडी राहिलीं.

तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. रिक्षाही उभी असतां तशीच निश्चल असते, आणि म्हणून ती सुरक्षित वाटते. परंतु वळणावर तिची गोष्ट बदलते. दुचाकीप्रमाणें ती आंत कलूं शकत नाहीं. उलट तिचें अंग बाहेरच्या बाजूस ओढलें जातें. तिचीं तीन चाकें जमिनीवर एक त्रिकोण आंखतात. त्याचें टोंक पुढें आणि पाया मागें. उजवीकडे वळतांना पुढचें चाक आणि मागचें डावें चाक यांना जोडणारी तिरकस रेषा हा तिचा उंबरठा होय. वजनाचा जोर या रेषेबाहेर गेला कीं मागचें उजवें चाक जमीन सोडतें. मागच्या चाकांपाशीं त्रिकोणाची रुंदी पूर्ण असते. मध्यावर ती अर्धी होते. पुढच्या चाकापासून पाव अंतरावर ती पावच उरते. म्हणून वजन जितकें मागें आणि खालीं, तितकी रिक्षा स्थिर. जितकें पुढें आणि वर, तितकी ती उलटण्यास सोपी. वळणावर जोरानें ब्रेक लावला म्हणजे वजनाचा भार पुढें, म्हणजे अरुंद टोंकाकडे, धांवतो. रिक्षा उलटते ती बहुधा अशा वेळीं.

डोंबिवली आणि कल्याण स्टेशनांबाहेर संध्याकाळीं उतरणाऱ्या नोकरदारांस ‘चौथी सीट’ हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाहीं. रिक्षेस परवानगी तीन प्रवाशांची. तरी गर्दीच्या वेळीं चौथा प्रवासी चालकाशेजारीं अर्धें अंग बाहेर ठेवून बसतो. तिघांचें वजन मागच्या बाजूस, त्रिकोणाच्या रुंद भागावर असतें. चौथ्याचें वजन पडतें तें नेमकें अरुंद भागावर, आणि तेंही एका बाजूस. शिवाय चालकाचा एक हात आखडतो आणि आरसा झांकला जातो. भाड्यांत वांटा होतो हें खरें, पण या सौद्याची किंमत एखाद्या वळणावर अवचित वसूल होते. येथें कायदा आणि भूमिति यांचें मत एकच आहे.

दोन वाहनांच्या या भिन्न स्वभावांतून रस्त्यावरचे प्रसंग उद्भवतात. मोटारसायकल वळणार असेल तर ती आधीं कलते. मागून येणारास ती एक सूचनाच असते. रिक्षा अशी सूचना देत नाहीं. लहान पुढच्या चाकामुळें ती अगदीं थोड्या जागेंत वळते, आणि पदपथावर कोणीं हात वर केला कीं डावीकडे वळून थांबते. म्हणून अनुभवी स्वार रिक्षेच्या टपाकडे न पाहतां तिच्या पुढच्या चाकाकडे, आणि त्याहून पुढें पदपथावरील माणसांकडे पाहतो. रिक्षावाल्याचीही अडचण जाणून घेतली पाहिजे. त्याच्या पाठीशीं प्रवासी आणि ताडपत्री. मागचें दिसतें तें आरशांतून आणि लहानशा खिडकींतून. मागच्या कोपऱ्याशीं चिकटून चाललेली अरुंद मोटारसायकल त्याला दिसतच नाहीं.

अंतराचा हिशेबही साधा आहे. ताशीं ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदास १० मीटर. धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर १० मीटर गेले, आणि चांगल्या कोरड्या रस्त्यावर बेताच्या ब्रेकानें थांबावयास आणखी १० मीटर लागतात, एकूण २०. वेग दुप्पट केला तर पहिले १० मीटर २० होतात, पण दुसरे १० मीटर ४० होतात, एकूण ६०. वेग दुप्पट, अंतर तिप्पट. शीळफाट्याच्या किंवा घोडबंदरच्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून ६० मीटर जागा मोकळी मिळणें किती कठीण, हें तेथून जाणाऱ्यांस ठाऊकच आहे.

शहाणीं मंडळें या हिशेबावर आपली शिस्त बसवितात. अग्रभागीं वाट जाणणारा एक स्वार असतो. सर्वांत अनुभवी स्वार शेवटीं असतो व मागें कोणी राहिलें नाहीं हें पाहतो. सरळ रस्त्यावर एक डावीकडे तर पुढचा उजवीकडे अशी आडवीतिडवी रांग असते, त्यामुळें प्रत्येकास पुढें मोकळी जागा मिळते. घाट लागला कीं सर्व एका रांगेंत येतात. वेग ठरतो तो सर्वांत नवख्या माणसाच्या बेतानें. शहाड, रायतें, मुरबाड, टोकावडें असें करीत माळशेजला पोंचेपर्यंत रस्त्याची तऱ्हा अनेकदां बदलते. पावसाळ्यांत तेथें धुकें इतकें दाटतें कीं पुढचें वळण दिसत नाहीं, आणि कड्यावरून दगडही येतात. पहिल्या पावसांत रस्त्यावर सांचलेलें तेल वर येतें. त्या दिवसांत वर सांगितलेले २२ अंशसुद्धां जास्त होतात.

आणि वडा? त्याचेंही या शिस्तींत स्थान आहे. गाडी चालविणें हें डोळ्यांचें आणि मनाचें काम. दीडदोन तासांनंतर मन थकतें, पण थकल्याचें त्यास कळत नाहीं. थांबण्यास निमित्त लागतें, तें टपरी पुरविते. ठाण्याचा माणूस मामलेदार कचेरीजवळच्या मिसळीचें, तर कल्याणचा खिडकी वड्याचें नांव काढतो, आणि तेवढ्या वादांत इंजिनें निवतात. बटाटा आणि पाव हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले, आणि ठाणें शहर १७३७ सालीं मराठ्यांनीं घेईपर्यंत पोर्तुगीजांच्याच ताब्यांत होतें. मात्र वडा पावांत घालून विकण्याची रीत अलीकडची. १९६६ सालीं दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं ती सुरू केली असें सांगतात. तेल नीट तापलेलें असलें म्हणजे बेसनाचें कवच तत्काळ बांधलें जातें, आंतील सारण वाफेनें गरम होतें आणि तेल फारसें आंत शिरत नाहीं. पावसाळ्यांत नजरेसमोर तळलेला वडा आणि लसणीची कोरडी चटणी घ्यावी. उघड्यावर राहिलेली ओली चटणी टाळावी. याच बाकावर पुष्कळदां रिक्षावालेही बसलेले असतात. एरवीं रस्त्यावर ओरडून बोललें जाणारें तेथें सावकाश बोलतां येतें.

ज्या घरांत अशी हौस आहे तेथें ती बंद करण्याचा आग्रह बहुधा निष्फळ होतो. त्यापेक्षां निघण्यापूर्वीं चार गोष्टी विचारून घ्याव्या : टायरांची नक्षी झिजली आहे काय, मागें बसणाराच्याही डोक्यावर हेल्मेट आहे काय, अग्रभागीं कोण आहे, आणि थांबावयाचें कोठें ठरलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें हेल्मेट मागें बसणारासही लागू केलें आहे. आणि ज्यांचा मोटारसायकलीशीं कांहीं संबंध नाहीं त्यांनीं संध्याकाळीं स्टेशनाबाहेर एवढेंच करावें : चौथी सीट रिकामी दिसली तरी तिच्यावर बसूं नये, आणि घरच्या कोणास बसूं देऊं नये. पुढची रिक्षा चारदोन मिनिटांत येतेच.