ऐकता ऐकता ढकलणारे वेटोळे

अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन, म्हणजे प्रयोगशाळेच्या बोलीतले एनएमआर, या तंत्राचे भारतातील एक जुने घर कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे. 1951 साली स्टॅनफर्ड येथे आर्नॉल्ड व पॅकार्ड यांच्यासह साध्या इथाइल अल्कोहोलच्या संकेतातील तीन शिखरे वेगळी दाखवणारे एस. एस. धर्मट्टी यांनी पन्नासच्या दशकात तेथे या संशोधनाचा पाया घातला. अशा यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्याची नजर उंच चुंबकावरच खिळते. नमुन्याच्या काचनळीला लपेटलेले इवलेसे वेटोळे मात्र दिसतही नाही, आणि खोडी तर त्याचीच असते.

हायड्रोजनचे केंद्रक परिवलनामुळे सूक्ष्म चुंबकासारखे वागते. प्रबळ क्षेत्रात अशा असंख्य केंद्रकांची बेरीज होऊन क्षेत्राच्या दिशेने निव्वळ चुंबकन उभे राहते, रेडिओ लहरींच्या स्पंदाने ते आडवे केले की कललेल्या भोवऱ्यासारखे फिरू लागते, आणि त्या फिरण्याने वेटोळ्यात जो प्रवाह उपजतो तोच संशोधकाला हवा असलेला संकेत होय. परंतु प्रवाह म्हटला की त्याचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र आलेच. हे क्षेत्र ज्याने प्रवाह निर्माण केला त्या चुंबकनालाच पुन्हा मूळ दिशेकडे वळवते. याला रेडिएशन डॅम्पिंग, अर्थात प्रारणजन्य संदमन, म्हणतात. नाव फसवे आहे, कारण येथे ऊर्जा अवकाशात फेकली जाण्याचा प्रश्न जवळजवळ नसतो. सारा व्यवहार नमुना आणि वेटोळे यांच्यातला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जी. सूर्यन यांनी 1949 साली ‘करंट सायन्स’मध्ये या परिणामाकडे लक्ष वेधले आणि 1954 साली ब्लोम्बर्गन व पाउंड यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले.

प्रथिनांच्या अभ्यासकाला हा परिणाम पाण्यामुळे छळतो. एक लिटर पाण्यात हायड्रोजनची केंद्रके सुमारे 110 मोल असतात, तर प्रथिन बहुधा मिलिमोलच्या हिशेबात. एरवी काही सेकंद रेंगाळणारा पाण्याचा संकेत उच्च क्षेत्रात काही मिलिसेकंदांतच मावळतो, आणि लवकर मावळतो म्हणून वर्णपटात त्याची रेषा फुगते. चुंबकन 180 अंशांत पूर्ण उलटे केले असता वेटोळे गप्प राहायला हवे. पण उलटेपणात तसूभर कसर राहिली तरी तिचा प्रवाह तीच कसर वाढवत नेतो, चुंबकन धडपडून सरळ होते आणि कोणी न मागितलेला संकेत उसळून येतो. वेटोळ्याचा कान जितका तिखट, तितका हा त्रास अधिक! बारीक नळी वापरणे, वेटोळ्याचा सूर मुद्दाम थोडा ढळवणे किंवा क्षेत्रात सौम्य उतार देऊन चुंबकन विस्कटणे, असे उपाय केले जातात.

मोजमापाचा असा उलटा जोर हिंगोली जिल्ह्यातही ध्यानात घ्यावा लागणार आहे, जरी तेथील गणित निराळे, पुंजयामिकीचे आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळा येथील लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेला 2023 साली केंद्रीय मंत्रिमंडळाची पूर्ण मंजुरी मिळाली. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत टांगलेल्या आरशांचे हलणे लेसरने मोजायचे, तर प्रकाशकणांचा अनियमित मारा आरशालाच हलवतो. 40 किलो वजनाचे आरसे प्रकाशाच्या अशा धक्क्याने हलतात हे अमेरिकेतील लायगो यंत्रावर 2020 साली दिसून आले. लेसर वाढवला की मोजमाप सूक्ष्म होते आणि धक्काही वाढतो; तो आवरण्यासाठी तेथील यंत्रांना 300 मीटर लांबीची स्वतंत्र प्रकाशपोकळी जोडावी लागली.