लवचीक मांडणी (डेस्कटॉप उपयोजने)

लवचीक मांडणी म्हणजे डेस्कटॉप उपयोजनाच्या खिडकीतील बटणे, नावे व मजकुराच्या चौकटी यांच्या जागा आणि आकार कायमच्या आकड्यांनी न बांधता, त्यांच्या परस्परसंबंधांवरून ठरवण्याची पद्धत होय. खिडकीचा आकार, अक्षरांचा आकार किंवा भाषा बदलली की प्रत्येक घटकाची जागा नव्याने मोजली जाते.

गरज

इंग्रजी शब्दांच्या मापाने आखलेली बटणे मराठी मजकुरास अनेकदा अपुरी पडतात. उदाहरणार्थ, इचलकरंजीसारख्या यंत्रमागांच्या शहरात कापडाच्या नोंदींसाठी केलेल्या उपयोजनात ‘नोंद जतन करा’ व ‘नोंद रद्द करा’ ही बटणे अरुंद राहिली, तर दोन्हींवर केवळ ‘नोंद’ दिसेल आणि केलेले काम चुकून पुसले जाईल. ओळीची उंची कमी पडल्यास अनुस्वार छाटला जाऊन ‘बंद’चे ‘बद’ होते.

रचना

क्यूट, जीटीके यांसारख्या साधनसंचांत आडव्या व उभ्या पेट्या एकमेकींत बसवून खिडकी रचता येते. १९९६ साली आलेल्या जावाच्या पहिल्या आवृत्तीतील ‘ग्रिडबॅगलेआउट’ ओळी व स्तंभ वापरतो आणि उरलेली जागा ‘भारां’च्या प्रमाणात वाटतो. दोन स्तंभांचे भार १ व ३ असल्यास शिल्लक १०० पिक्सेलांपैकी पहिल्यास २५ व दुसऱ्यास ७५ मिळतात. सर्व भार शून्य ठेवल्यास घटक खिडकीच्या मध्यभागी गोळा होतात. नवशिक्यांची ही नेहमीची चूक आहे.

अभ्यास

प्रथम कागदावर पेट्या आखून कोणता घटक वाढेल व कोणता स्थिर राहील, हे ठरवावे. नंतर खिडकी ताणून व आवळून, अक्षरे मोठी करून आणि मराठी मजकूर घालून मांडणी तपासावी.