काडतुसाची चरबी, नळीतली काजळी

आज छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकात शिवरायांचा अश्वारूढ पुतळा आहे, डोक्यावरून जालना रोडचा उड्डाणपूल जातो आणि शहरातला बहुतेक प्रत्येक मोर्चा इथूनच निघतो. या चौकाचं नाव मात्र 1857 मधल्या काळ्या चबुतऱ्यामुळे पडलं. त्या वर्षी जूनमध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या छावणीत हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्याने उठाव केला. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावतील, हा त्या स्वारांचा मुख्य रोष होता. पुण्याकडून जनरल वुडबर्नची फौज आली आणि पकडलेल्यांना इथेच मृत्युदंड दिला गेला.

देशभर त्या वर्षीचा भडका ज्या ठिणगीने उडाला म्हणतात, ती ठिणगी म्हणजे वंगण. हत्याराला कोणतं तेल, कोणती चरबी चालते, हा एरवी शस्त्रागाराच्या कोपऱ्यात मिटणारा प्रश्न. तो एका साम्राज्याला जड गेला. हे आधी तपशिलात पाहू, कारण त्यातलं रसायन आजच्या पिस्तुलालाही लागू आहे.

1853 ची एनफिल्ड रायफल .577 इंच व्यासाची आणि तोंडाकडून भरायची. काडतूस कागदाचं. त्याचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, मग काडतूस उलटं करून कागदात गुंडाळलेली शिशाची गोळी आत ढकलायची. नळीला आतून पीळ असतो, गोळी त्यात घट्ट बसते. शिवाय दहावीस बार झाले की आत काजळीचा कडक थर चढतो आणि गोळी खाली उतरेनाशी होते. म्हणून गोळीकडच्या कागदाला चरबी. ती गोळी सरकवते आणि आधीच्या बाराची काजळी मऊ ठेवते. विलायती पाककृतीत पाच भाग चरबी, पाच भाग स्टिअरिन आणि एक भाग मेण होतं. चरबी कोणत्या जनावराची, गाईची की डुकराची, हे कोणी नीट लिहून ठेवलं नव्हतं. बेपर्वाई ती इतकीच, पण अक्षम्य. गंमत अशी की दात लागायचे ते दारूच्या टोकाला. चरबी दुसऱ्या टोकाला असायची. पण ज्या हाताने ते टोक धरायचं त्याच हाताने जेवायचं असेल, तर हा खुलासा कोणाचं समाधान करणार? जानेवारी 1857 च्या अखेरीस सरकारने शिपायांना आपापल्या मर्जीचं मेण-तेल लावायची मुभा दिली, पण तोवर उशीर झाला होता.

आता त्या काजळीकडे वळू. जुनी काळी बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. ती जळाली की वजनाने निम्म्याहून जास्त भाग वायू न होता घनरूपात उरतो: पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट, सल्फाइड. हे सगळे क्षार. हवेतला ओलावा ओढून घेतात आणि पोलादाला रातोरात गंज चढवतात. यांच्यावर रॉकेल फिरवा, पेट्रोल ओता, ढिम्म हलत नाहीत. उकळत्या पाण्यात मात्र सहज विरघळतात. लोखंडाचा वैरी म्हणून ज्या पाण्याला आपण दूर ठेवतो, तेच इथे उत्तम औषध! पाणी गरम असलं की नळीही तापते आणि पुसल्यावर उरलेली ओल आपोआप उडून जाते. मागाहून तेल.

पुढे 1884 मध्ये फ्रान्समध्ये पोल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोजची धूररहित दारू काढली. क्षारांची राख जवळपास संपली. तरी एक चोर बराच काळ टिकला, तो टोपीत. काडतुसाच्या बुडाशी घोड्याचा ठोका खाऊन पेटणारी ती इवलीशी टोपी. तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळून पोटॅशियम क्लोराइड होई, म्हणजे मिठाचं सख्खं भावंड. पुण्याच्या खडकी कारखान्याचा 'केएफ' शिक्का असलेली .303 ची जुनी काडतुसं याच जातीची. म्हणून .303 चालवणारे जवान नळीत नरसाळ्याने उकळतं पाणी ओतत. नुसतं तेल लावलं तर मीठ तेलाखाली सुखाने बसून आपलं काम करत राहतं.

म्हणजे नळीत मळ एक नसतो, तीन-चार असतात आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा. कार्बन आणि जुनं चिकट तेल यांना रॉकेलच्या घराण्यातलं द्रावक लागतं. पेट्रोल नको, त्याची वाफ शून्याखाली चाळीस अंशांनाही पेट घेऊ शकते आणि मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद खोलीत ते उघडणं म्हणजे आत्मघात. क्षारांना पाणी. शिशाला खरं तर द्रावक नाहीच म्हणावं, ते ब्राँझच्या ब्रशने खरवडूनच निघतं. व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळून शिसं विरघळवायची एक युक्ती सांगितली जाते. ती करू नये, तिच्यातून पाण्यात विरघळणारं विषारी लेड अॅसिटेट तयार होतं.

तांब्याचा प्रकार सगळ्यांत देखणा. गोळीवरच्या तांबूस कवचाचा मुलामा नळीत उतरतो. त्यावर अमोनिया असलेलं द्रावक लावून थोडा वेळ थांबायचं आणि पांढरी चिंधी आरपार ओढायची. चिंधी निळी होऊन बाहेर येते, मोरपिशी निळी. अमोनियाचे चार रेणू तांब्याच्या एका आयनाभोवती फेर धरतात, त्या संयुगाचा हा रंग. त्यासाठी हवेतला ऑक्सिजनही लागतो, म्हणून तर थांबायचं. निळं येणं बंद झालं की तांबं संपलं. एकच फसगत: चिंधी ढकलणारी सळईची टोपी पितळेची असेल, तर निळा रंग तिचाच येतो आणि माणूस स्वच्छ नळी पुन्हा पुन्हा घासत बसतो. निकेलचा मुलामा असलेल्या भागांना अमोनिया लावू नये. मुलाम्याखाली बहुधा तांब्याचाच थर असतो आणि तो सुटला की वरचं निकेल पापुद्र्यासारखं निघतं.

द्रावकाने सगळं धुऊन नेलं की धातू उघडा पडतो. बोटाच्या घामाचा ठसासुद्धा त्यावर गंजून उमटतो. इथे वंगणाची पाळी. घरातलं तेल का नको, हे शिलाई मशीन असलेल्या कोणत्याही घरात ठाऊक आहे. खोबरेल घातलं की मशीन हिवाळ्यात जाम होतं, कारण ते चोवीस अंशांखाली गोठतं. करडई किंवा जवस घातलं तर वेगळीच तऱ्हा: त्यांचे रेणू हवेतला ऑक्सिजन घेऊन एकमेकांना चिकटतात आणि तेलाचं रोगण होतं. चित्रकाराला ते हवंच असतं, पिस्तुलाला नाही. खनिज तेल असं वाळत नाही. ग्रीस म्हणजे तेच तेल, फक्त साबणाच्या तंतूंच्या जाळ्यात अडकवलेलं. दाब पडला की थेंबभर सोडतं. म्हणून जिथे भाग दाबाखाली घासत सरकतो तिथे ग्रीस, जिथे खीळ फिरते तिथे तेल. आपल्याकडच्या धुळीत मात्र दोन्ही जपून. जादा तेल काळ्या मातीची धूळ धरून ठेवतं आणि वंगणाची कानस होते.

एनफिल्डच्या चरबीचा वारसाही अजून चालू आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या जकार्ता-पालेंबांग आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्या प्रकारातल्या .22 च्या शिशाच्या गोळीवर आजही मेणासारख्या वंगणाचा थर असतो, शिसं नळीला चिकटू नये म्हणून.

परवानाधारकांना शेवटचं सांगायचं तर, मॅगझीन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. तेल टोपीत झिरपलं तर ती पेटत नाही. चेंबर आणि नळी वापरण्याआधी कोरडी पुसा. खिडकी उघडी ठेवा, हातमोजे घाला, आणि जेवायला बसण्याआधी हात साबणाने धुवा. शिसं बोटांवरूनच पोटात जातं.