एका खाड्यानं काही बिघडत नाही

आयस्क्रीम खाऊ घालूनही माणसाच्या मनाचा ठाव घेता येतो. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांचा 1975 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग तसाच होता. विद्यार्थिनींच्या तीन तुकड्या केल्या. एकीला मिल्कशेक दिलाच नाही, दुसरीला एक पेला दिला, तिसरीला दोन. मग आयस्क्रीम पुढे ठेवून सांगितलं, चव कशी आहे ते कळवा, हवं तेवढं खा. चवीशी संशोधकांना काही देणंघेणं नव्हतं. कोण किती खातं, ते मोजायचं होतं.

एरवी खाण्याचा फार विचार न करणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आयस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, सरळ हिशेब. वजनाच्या धास्तीनं घास मोजून खाणाऱ्या मुलींचं उलटंच झालं. मिल्कशेक पोटात गेल्यावर त्यांनी आयस्क्रीम जास्त खाल्लं. एकादशीला चुकून पोह्यांचा घास तोंडात जावा आणि ‘आता मोडलाच आहे उपास, तर वाढ दोन पोळ्या’ म्हणावं, तसं.

खाईन तर तुपाशी, नाही तर उपाशी हा बाणा नवी सवय लावतानाही नडतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना एकेक सवय निवडायला सांगितली. कोणी दुपारच्या जेवणाबरोबर फळ खायचं ठरवलं, कोणी रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावायचं. बारा आठवडे रोज नोंद ठेवायची आणि ती गोष्ट कितपत आपसूक घडते, हे सांगायचं. 2010 च्या या अभ्यासातला ‘सवय लागायला 66 दिवस’ हा आकडा सगळीकडे फिरतो. पण तो मध्यक आहे. कोणाला 18 दिवस पुरले, तर कोणाला 254 लागतील असं गणित निघालं. (पाहणीच 84 दिवसांची होती. म्हणजे 254 हा आलेख पुढे ताणून काढलेला अंदाज. हे सांगायला सहसा कोणी थांबत नाही.) ‘21 दिवसांत सवय’ हे तर मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकावरून आलेलं. रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान 21 दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं.

मला लॅलींचा दुसराच निष्कर्ष जास्त मोलाचा वाटतो. एखाद्या दिवशी खाडा पडला, तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. प्रगती लवकरच पूर्ववत सुरू झाली. वरचेवर खाडे करणाऱ्यांना मात्र सवय लागली नाही, तेव्हा ही सूट सरसकट समजू नये.

मग एक दिवस चुकला की आपण वहीच का मिटून ठेवतो? चुकलेल्या दिवसापेक्षा ‘माझ्याच्यानं एक गोष्ट धड होत नाही’ ही बोचणी जड जाते, आणि ती टाळायला माणूस कामच टाळतो. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, टिमथी पिचिल आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची चालढकल कमी झाली. स्वतःला फैलावर घेतल्याशिवाय सुधारणा होत नाही, ही आपल्या घराघरांतली समजूत या पाहणीपुढे टिकत नाही.

दबाव बाहेरूनही येतो. टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी 1989 ते 2016 या काळातल्या अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमधल्या 41 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची, सगळं अचूकच हवं या हट्टाबद्दलची माहिती एकत्र तपासली. सर्वाधिक वाढ दिसली ती ‘मी चुकता कामा नये, असं लोकांना वाटतं’ या भावनेत.

तेव्हा आज चालायला जायचं राहिलं, तर उद्या दुप्पट चालून भरपाई करू नका. नेहमीच्या वेळी नेहमीएवढंच चाला. चुकेल या भीतीनं झोपच उडत असेल, हातातलं काम सुटत असेल, तर मात्र हा निव्वळ सवयीचा प्रश्न राहत नाही. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही बोलता येतं.