पेन्सिलीच्या डावीकडे

एका आजींनी विचारलं आहे: नात तेरा महिन्यांची झाली, अजून एकटी चालत नाही. रांगली तर नाहीच. बसल्या बसल्या सरकायची, मग एकदम धरून उभी राहिली. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चालू लागलं. काळजी करावी का?

एवढ्यावरून तरी नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ मध्ये घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेतल्या निरोगी बाळांच्या हालचालींचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकट्यानं चालण्याचा काळ निघाला ८.२ ते १७.६ महिने! आणि ४.३ टक्के बाळं हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नव्हती.

मग खरा उशीर ओळखायचा कसा? त्यासाठी मला फार आवडणारं एक साधन आपल्याकडेच तयार झालं. तिरुवनंतपुरमच्या डॉ. एम. के. सी. नायर आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एका पानाचा तक्ता मांडला. त्यात फक्त १७ गोष्टी: ओळखीचं हसणं, मान धरणं, या हातातली वस्तू त्या हातात घेणं, दोन शब्द बोलणं, बाहुलीचे अवयव दाखवणं. प्रत्येकीपुढे एक आडवी पट्टी. तिचं डावं टोक म्हणजे ३ टक्के मुलांना ते जमतं ते वय, उजवं टोक ९७ टक्क्यांचं. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची. जी पट्टी पूर्ण डावीकडे राहिली आणि तरी ती गोष्ट बाळाला जमत नाही, तिथे थांबायचं आणि बाळाला तज्ज्ञांकडे पाठवायचं. काही मिनिटांचं काम.

या पट्ट्यांमागचं बडोद्याचं काम मात्र क्वचितच आठवलं जातं. अमेरिकेच्या नॅन्सी बेली यांच्या कसोट्या प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांवर घेतल्या आणि महिना ते तीस महिने वयाचे आपले मापदंड ठरवले. त्यांचा अहवाल १९७० चा. बाळाला घंटेच्या आवाजाकडे वळायला लावायचं, त्याच्यापुढे बारीक गोळी ठेवून बोटांची चिमूट पाहायची, आणि हे बाळामागून बाळ करत राहायचं. तिरुवनंतपुरमचा तक्ता याच मापदंडांतून निवडलेला आहे. पुढे १९९७ मध्ये आलेल्या फाटक यांच्या सुधारित मापनश्रेणीत हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. त्या घ्यायला प्रशिक्षित माणूस आणि वेळ लागतो. म्हणूनच आधी पेन्सिल.

पेन्सिल निदान करत नाही. तिनं अडवलेली कित्येक मुलं पुढच्या तपासणीत ठणठणीत निघतात, आणि काही अडचणी तिच्या हाती लागतही नाहीत. मोबाइलवर दहा प्रश्न विचारून बाळाच्या बुद्धीला गुण देणाऱ्या ॲपवर माझा म्हणूनच काडीचा विश्वास नाही. पण ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे उत्तर मला त्याहून जास्त भिववतं. न बोलणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल. कान तपासल्याशिवाय वाट पाहणं म्हणजे भाषा शिकण्याचे मोलाचे महिने घालवणं. येत असलेले शब्द किंवा हालचाल बाळ विसरू लागलं, तर एकही दिवस थांबू नये. दोन महिने आधी जन्मलेल्या बाळाचं वय मात्र दोन महिने कमीच धरावं, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधून सुरू झाला. विकासातला उशीर शोधणं हे त्यातलं एक ठरलेलं काम आहे आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रं आहेत. या कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणं अपेक्षित असतं. ताईंना तारीख विचारून ठेवा, आणि त्या दिवशी बाळाला मामाच्या गावी पाठवू नका.