बंदुका गेल्या, शिक्का राहिला

सटाण्याचा आमचा बागलाण मुलूख आज नाशिक जिल्ह्यात आहे. १८६९ सालापूर्वी तो खानदेशात होता. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारकडे गेला. घाटवाटांची राखण भिल्ल नाईक करीत आणि गावांकडून त्याचा हक्क घेत. तो हक्क बुडाला तेव्हा भिल्लांनी शस्त्र उचलले. सरकारने त्यांना लुटारू ठरवले, डोंगरात जाणारे धान्य अडवले आणि फौजा घातल्या. १८२५ साली बागलाणचे भिल्ल उठले, तेव्हा औट्राम साहेबाने रात्री छापा घालून त्यांना मोडले. त्याच वर्षी त्याने भिल्लांचीच पलटण उभारली. भिल्लांवर भिल्ल सोडले!

पुढे ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईकाच्या लोकांशी लढाई झाली. पकडलेल्या अनेकांना गोळ्या घातल्या, बायकामुलांना कैद केले.

सातासमुद्रापार अमेरिकेतही हेच घडले. अपाची आदिवासींना पकडण्यासाठी लष्कराने अपाची वाटाडेच नेमले. १८८६ साली जेरोनिमो शरण आला, तेव्हा त्याच्याबरोबर त्या इमानी वाटाड्यांनाही युद्धकैदी करून दूर नेले. ती कैद २७ वर्षे चालली. कैदेत जन्मलेली लेकरेही कैदीच!

आपल्याकडे १८७१ साली इंग्रजांनी काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. १९५२ साली तो रद्द झाला. पण मनातला कायदा कोण रद्द करणार? गावात कोंबडी गेली, मोटारीची वायर गेली, की बोट आधी भिलाटीकडे वळते. ज्यांच्या पूर्वजांनी घाट राखले, त्यांच्या नातवंडांना चोर म्हणायचे, हा कुठला न्याय?

मायबहिणींनो, कांदा लावताना आपल्या शेजारच्या वाफ्यात भिल्लाची बाई वाकलेली असते. तिची मजुरी, तिचा घाम आपल्यासारखाच आहे. जन्मावरून माणूस वाईट ठरवण्याचे चटके आपल्या आजा-पणजांनी गावकुसाबाहेर सोसले. म्हणून हा शिक्का पुसण्याचे काम आधी आपले आहे. घरात पोरांच्या तोंडी 'भिल्ल म्हणजे चोर' असा शब्द आला, तर तिथेच थांबवा आणि त्यांना अंबापाणीची हकिकत सांगा.