घरून आलेली तार आणि मेंदूच्या रेघा

वस्तीत कुणाला फिट आली की आजही कोणी चप्पल हुंगवतो, कोणी कांदा फोडतो, आणि एखादी आजी हळूच म्हणते, "बाहेरचं असंल, दाखवून आणा." डॉक्टर मात्र ईईजी लिहून देतात. डोक्याला तारा चिकटवतात, नागमोडी रेघा उमटतात. या रेघांची जन्मकथा आमच्या माता-भगिनींना सांगावीशी वाटते.

जर्मनीतले हान्स बर्गर १८९० च्या दशकात लष्करात असताना घोड्यावरून पडले ते थेट तोफेच्या गाड्यापुढे. थोडक्यात वाचले. त्याच दिवशी घरून तार आली, खुशाली कळवा! भाऊ संकटात आहे असे दूरच्या बहिणीला वाटले होते. मनाचा निरोप मनाला पोचतो, हे बर्गरनी पक्के धरले. ते मेंदूचे डॉक्टर झाले आणि येना गावी मनाची ही शक्ती मोजण्याच्या मागे लागले. काम बहुतेक गुपचूप चाले. १९२४ साली त्यांनी माणसाच्या मेंदूतली वीज प्रथम टिपली. पण छापायला १९२९ उजाडले. छापल्यावरही विद्वानांनी फारसे लक्ष दिले नाही. इतक्या नियमित लहरी मेंदूतून येतीलच कशा, यंत्राचाच दोष असणार, असे बसल्या जागी ठरवून मोकळे!

केंब्रिजच्या एड्रियन यांनाही शंकाच होती. माणूस नोबेल मिळवलेला. पण १९३४ साली त्यांनी मॅथ्यूज यांच्यासह प्रयोग करून पाहिला, तारा स्वतःच्याच डोक्याला लावून. डोळे मिटले की सेकंदाला सुमारे दहा लहरी, उघडले की गायब. बर्गर खरे निघाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत बोस्टनला फेफऱ्याच्या लहरी ओळखता आल्या.

बहिणीचा निरोप मात्र त्या लहरींत कधीच सापडला नाही.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. नाझी राजवटीत सक्तीच्या नसबंदीचे निकाल देणाऱ्या न्यायालयात हेच बर्गर बसत. त्या कायद्याच्या यादीत फेफऱ्याचे रोगीही होते. त्यांचा फोटो भिंतीवर लावा, असे आम्ही म्हणणार नाही. रेघा मात्र आपल्या कामाच्या आहेत.

फिट आली तर रोग्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर तडक दवाखाना गाठा. ईईजीत शॉक देत नाहीत, दुखतही नाही. फक्त आधी केस धुवावेत, आणि त्या दिवशी तेल लावू नये.